धंदा ओळखीवर चालतो, पण कुणाच्या ओळखीवर?



आयोजकांनी मला विषय दिलाय, नेटवर्किंगचे कार्यक्रम आणि सोशल मीडिया वापरून व्यवसाय कसा वाढवायचा. या विषयावर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत आणि बहुतेकांत एकच माणूस बोलतोय असं वाटतं. कोट घातलेला, हातवारे करणारा, तीन महिन्यांत उत्पन्न दुप्पट करून देणारा. मी तो माणूस नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रविवारी ओळखीपाळखीतल्या छोट्या व्यावसायिकांच्या दुकानात बसून त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, इन्स्टाग्राम नीट लावून देतो. फर्निचरवाले, एसी दुरुस्त करणारे, बेकरीवाले, मेंदी काढणाऱ्या, घरून केक करणाऱ्या. तिथे जे दिसलं तेच सांगणार आहे.

आधी एक काम करा. फोन काढा आणि तुमच्या किंवा अब्बांच्या धंद्याचे शेवटचे पन्नास ग्राहक आठवा. त्यातले मोहल्ल्यातले किती? नात्यातले, बिरादरीतले किती? जुम्म्याला मशिदीत भेटणारे किती? हा हिशोब मी ज्या ज्या दुकानात केलाय, तिथे पन्नासातले मोठ्या प्रमाणात आपलेच लोक निघाले. यात वाईट काही नाही. धंदा सुरू होतो तो आपल्याच माणसांवर. पण सच्चर समितीचा २००६ चा अहवाल सांगतो की मुसलमानांमध्ये स्वतःचा छोटा धंदा करून पोट भरणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि पगारी नोकरीचं कमी. म्हणजे एका गल्लीत चार मोबाइलची दुकानं, पाच बिर्याणीवाले, तीन एसीवाले, आणि सगळ्यांचे ग्राहक तेच. मग एकच गोष्ट उरते, भाव पाडणं. तो साडेतीनशेला सर्व्हिसिंग करतो, मी तीनशेला करतो. शेवटी दोघांनाही परवडत नाही, आणि ईदला एकमेकांच्या गळाभेटी घेताना मनात खटका राहतो तो वेगळाच.

मार्क ग्रॅनोवेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक लेख लिहिला. कच्च्या ओळखींची ताकद, असा त्याचा विषय. अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका गावात त्याने नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या लोकांना विचारलं, ही नोकरी कुणाच्या ओळखीने मिळाली, आणि त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होता? ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांच्यातल्या जेमतेम १७ टक्के लोकांनी सांगितलं की वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून कळलं. ५५ टक्क्यांहून जास्त जणांनी अधूनमधून भेटणाऱ्याचं नाव घेतलं, आणि जवळपास २८ टक्क्यांना ती नोकरी क्वचित भेटणाऱ्या माणसामुळे मिळाली होती. जुना वर्गमित्र, आधीच्या कंपनीतला सहकारी, असे लोक.

कारण उघड आहे. माझा जिगरी दोस्त जे ओळखतो ते मीही ओळखतो. त्याच्याकडे जी बातमी आहे ती माझ्याकडे आधीच आलेली असते. नवी बातमी असते ती वर्षातून दोनदा भेटणाऱ्याकडे, कारण तो वेगळ्या पाण्यात पोहतो. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक लोकांवरचा एक मोठा प्रयोग छापून आला. त्यातही नोकरी बदलायला मध्यम-कच्च्या ओळखी सगळ्यात जास्त उपयोगी पडल्या. अगदी अनोळखी नाही, अगदी जवळचाही नाही. नाव माहीत आहे, चेहरा आठवतो, दोन-चार लोक दोघांच्या ओळखीचे आहेत, अशी ओळख. हे अभ्यास नोकरीबद्दलचे आहेत, पण माझ्या पाहण्यात ग्राहकाचंही तसंच आहे.

ही अमेरिकेची गोष्ट झाली. आपल्याकडची पाहायची तर मिरजेला जा. तिथली सतार आणि तानपुरा बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची. हत्यारांना धार लावणारे, दुरुस्त करणारे लोक. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम संपत गेलं आणि या कारागिरांनी तंतुवाद्यांत हात घातला. आता विचार करा, तानपुऱ्याचं गिऱ्हाईक शिकलगार मोहल्ल्यात किती असणार? त्यांचं गिऱ्हाईक पहिल्यापासून मोहल्ल्याबाहेरचं. गवई, त्यांचे शिष्य, संगीत शिक्षक, पुण्या-मुंबईचे, धारवाडचे, बेळगावचे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये वारल्यावर तिथल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना दफन केलं, आणि त्यांच्या आठवणीत उरुसात गाण्याच्या मैफली होत आल्या. देशभरातले गाणारे तिथे हजेरी लावतात. वाद्य बनवणाऱ्याच्या दृष्टीने बघा, हा केवढा मोठा नेटवर्किंगचा कार्यक्रम आहे! गवयाचा तानपुरा कुरकुरला तर कारागीर दोन गल्ल्या पलीकडे बसलाय. जवारी काढून दिली, गवई खूश होऊन गेला, आपल्या शिष्याला म्हणाला, वाद्य घ्यायचं तर मिरजेहून घे. गवई आणि कारागीर रोज भेटत नाहीत, कदाचित दोन-तीन वर्षांतून एकदा भेटतात. तरी त्या कच्च्या ओळखींवर हा व्यवसाय दीडशे वर्षांच्या वर टिकला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या टिकण्याचंच.

तेव्हा नेटवर्किंग ही कॉर्पोरेटवाल्यांची, इंग्रजी बोलणाऱ्यांची गोष्ट आहे असं डोक्यात असेल तर काढून टाका. रोटरी क्लबची पहिली बैठक १९०५ मध्ये शिकागोत झाली. तिथे चार माणसं होती, एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपी. प्रत्येक व्यवसायाचा एकच माणूस, म्हणजे आपसात स्पर्धा नको आणि एकमेकांना काम देता यावं. आजच्या बीएनआयच्या गटांतही एका व्यवसायाचा एकच सभासद घेतात. दर आठवड्याला भेटतात आणि कुणी कुणाला काम मिळवून दिलं याची नोंद ठेवतात. त्याची फी छोट्या दुकानदाराला जड जाते. मी सांगेन, आधी पाहुणा म्हणून जा, बघा, मग ठरवा. पुण्यात १९३४ पासूनचं मराठा चेंबर आहे, मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लब आहे. घरून काम करणाऱ्या बहिणींसाठी भीमथडी जत्रा, महालक्ष्मी सरस यांसारखी बचत गटांची प्रदर्शनं आहेत. मला तर ही प्रदर्शनं हॉटेलातल्या कार्यक्रमांपेक्षा बरी वाटतात, कारण तिथे माणूस कार्ड देत नाही, शंकरपाळं चाखून बघतो.

कार्यक्रमात गेलात की काय करायचं? आपली पोरं तिथे दोन प्रकारे वागतात. एक तर कोपऱ्यात आपल्याच दोघा-तिघांबरोबर उभी राहून समोसे खातात, नाहीतर शंभर कार्डं वाटून येतात. दोन्हींचा उपयोग सारखाच. त्याऐवजी फक्त पाच माणसांशी नीट बोला. आणि आपलं काम अशा वाक्यात सांगा की ऐकणाऱ्याला कुणीतरी आठवलं पाहिजे. 'मी फर्निचरचं काम करतो' हे ऐकून कुणालाच कुणी आठवत नाही. 'नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की लोकांना स्वयंपाकघराची घाई असते, ते काम मी महिनाभरात उरकून देतो.' हे ऐकलं की समोरच्याला आठवतं, अरे, माझ्या मेव्हण्याला गेल्या आठवड्यात ताबा मिळाला. मग त्याला विचारा, तुम्हाला कसला ग्राहक हवाय? हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून विचारणारा लक्षात राहतो.

नंबर घेतला की तिथल्या तिथे नावापुढे लिहा: प्लंबर, वारजे, चेंबरचा कार्यक्रम. घरी जाऊन माहितीपत्रक पाठवू नका. बोलणं झालं त्यातलीच एखादी गोष्ट लिहा. आणि जमलं तर आपल्या आधी त्याला एखादं काम मिळवून द्या. फर्निचरवाला, प्लंबर, टाइल्सवाला, रंगारी, या चौघांचा ग्राहक एकच असतो, पण तो एका वेळी एकाकडेच पोहोचलेला असतो.

एक छोटी गोष्ट, पण पोरं मला हमखास विचारतात. संध्याकाळच्या कार्यक्रमात मगरिबची वेळ होते, मग? दहा मिनिटं जाऊन या. कुणी विचारत नाही, विचारलं तर सरळ सांगा. रमजानमध्ये आपण नेत्यांसाठी इफ्तार पार्ट्या ठेवतो, फोटो काढतो. ज्या आर्किटेक्ट मॅडमने वर्षात चार कामं मिळवून दिली, त्यांना कुणी इफ्तारला बोलावलंय का? घरी बोलवा, खजूर आणि भजी पुरेत.

आता सोशल मीडिया. माझ्या मते छोट्या धंद्यासाठी सोशल मीडियाचं पहिलं काम अनोळखी ग्राहक आणणं हे नाही. कुणीतरी तुमचं नाव सुचवलं की माणूस फोनवर तुम्हाला शोधतो, ही खात्री करायची जागा आहे. मेव्हण्याला नंबर मिळाला तरी तो लगेच फोन करत नाही. आधी व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो बघतो, गूगलवर नाव टाकतो, इन्स्टाग्रामवर कामाचे फोटो आहेत का बघतो. तिथे शेवटची पोस्ट दोन वर्षांपूर्वीची 'जुम्मा मुबारक' असेल तर तो पुढच्याकडे जातो. व्हायरल व्हायच्या नादी लागण्याआधी ही खात्रीची जागा झाडून-पुसून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस २०१८ मध्ये आलं, फुकट आहे. त्यात वेळ, पत्ता, वस्तूंचा कॅटलॉग ठेवता येतो, ग्राहकांना लेबल लावता येतं: चौकशी केली, काम चालू, पैसे बाकी. लोक मला म्हणतात, 'भाई, ब्रॉडकास्ट टाकला पण काहीच आलं नाही.' ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोहोचतो. दोनशे लोकांची यादी केली आणि त्यातल्या चाळीस जणांकडेच तुमचा नंबर असेल, तर तुम्ही चाळीस जणांशीच बोलताय. म्हणून काम संपल्यावर पैसे घेताना एवढं म्हणा, माझा नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी सर्व्हिसिंगची आठवण करतो. आणि तेव्हा खरंच आठवण करा! एसीचा ग्राहक वर्षातून एकदा आठवण मागतो, रोज सकाळचा गुलाबाचा फोटो मागत नाही.

गूगलवर दुकानाचं प्रोफाइल फुकट बनतं. जवळच्या दुकानांचा क्रम लावताना गूगल तीन गोष्टी बघतं: शोधणाऱ्याला हवं ते तुम्ही करता का, किती अंतरावर आहात, आणि लोकांत तुमचा किती बोलबाला आहे. अंतर आपल्या हातात नाही, बाकी दोन आहेत. नुसतं 'दुकान' असं न लिहिता नेमका प्रकार निवडा, वेळा बरोबर टाका, ईदला बंद असाल तर तसं लावा. चार किलोमीटर गाडी चालवून आलेल्या माणसाला कुलूप दिसलं की तो परत येत नाही.

आणि मराठीत लिहा. हे मी इथे मुद्दाम सांगतोय. आपल्यातले कितीतरी जण मराठी शाळेत शिकले, घरी दखनी किंवा कोकणी बोलतात, आणि दुकानाची पोस्ट मात्र रोमन लिपीतल्या मोडक्या हिंदीत टाकतात. सातारा, सांगली, लातूरचा ग्राहक फोनवर 'एसी दुरुस्ती' असं मराठीत बोलून शोधतो. तुमच्याकडे ही भाषा आहे, ती पैसे देऊन आणावी लागत नाही. शिवाय मराठीत नीट लिहिलेली चार वाक्यं वाचून समोरच्याच्या मनातली एखादी अढी न बोलता सैल होते. हे मी होताना पाहिलंय.

आता जरा कडू बोलतो. विकत घेतलेले फॉलोअर्स, चुलतभावांकडून लिहून घेतलेले पंचतारांकित अभिप्राय, दुसऱ्याच्या केकचा फोटो आपला म्हणून टाकणं. 'सगळेच करतात' असं म्हणतात. पैगंबर साहेबांची बाजारातली गोष्ट आपण सगळ्यांनी मदरशात ऐकली आहे. धान्याच्या राशीत हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं, आणि त्यांनी विक्रेत्याला विचारलं की ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस. फिल्टर लावलेला फोटो म्हणजे वरचं कोरडं धान्यच की! धर्माचं बाजूला ठेवलं तरी व्यवहार तोच सांगतो. सवलत देऊन अभिप्राय घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. कच्ची ओळख फार नाजूक असते. मामा तुमची एक चूक माफ करेल, आर्किटेक्ट मॅडम नाही करणार, कारण त्यांनी त्यांची अब्रू पणाला लावून तुमचं नाव दिलेलं असतं.

बहिणींसाठी दोन गोष्टी. घरून धंदा करणारीचा नंबर जाहीर झाला की रात्री अकराला 'हाय' येतं, हे मला इथे कुणाला समजावून सांगायला नको. म्हणून भाऊ, नवरा म्हणतात, नकोच ते इन्स्टाग्राम. धंदा बंद करायची गरज नाही. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या. एकाच फोनवर साधं व्हॉट्सअ‍ॅप एका नंबरवर आणि बिझनेस दुसऱ्या नंबरवर चालतं. धंद्याची वेळ लावा, त्यानंतर स्वयंचलित उत्तर जाऊ द्या. गूगलवर घराचा पत्ता झाकून फक्त कुठल्या भागात सेवा देता तेवढं दाखवता येतं. खाण्याचे पदार्थ असतील तर एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक प्रोफाइलवर टाका, अनोळखी माणसाला तो फार धीर देतो. उद्यम नोंदणीही करा. ती १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटने पैसे मागितले तर उठून या. आणि मोठी ऑर्डर देऊन 'पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा' असं कुणी म्हणालं, तर तो ठग आहे. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. फसलाच तर लगेच १९३० ला फोन करा.

शेवटी नावाचं. हा प्रश्न कार्यक्रमात कुणी विचारत नाही, नंतर पार्किंगमध्ये विचारतात. 'भाई, दुकानाला काय नाव देऊ? प्रोफाइलवर माझं नाव टाकू का?' बहिष्काराचे मेसेज आपण सगळ्यांनीच पाहिलेत. २०२४ च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाद्यविक्रेत्यांना मालकांची नावं लावायला सांगितलं गेलं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. कुठलं अन्न विकता ते सांगा, मालकाचं नाव लावायची सक्ती नको, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे निदान त्या आदेशापुरती तरी नावाची सक्ती थांबली. प्रोफाइलवर नाव सांगायचं की नाही, हे आपण ठरवायचं.

ज्याला धंद्यातून घरभाडं भरायचंय त्याला मी शौर्य शिकवणार नाही. दुकानाचं नाव 'स्टार', 'रॉयल', 'सह्याद्री' काहीही ठेवा, धंद्याला असं नाव सगळेच ठेवतात. पण प्रोफाइलवर दुसऱ्याच कुणाचं नाव, फोनवर राजू आणि बिलावर रियाज, हे करू नका. मी पाहिलेल्यांत ज्यांनी असं केलं त्यांना अनोळखी चौकशा थोड्या जास्त आल्या असतील, पण ओळखीतून पुढे जाणारं काम तुटलं. कारण ग्राहकाला उद्या कळतंच. मग त्याला तुमच्या धर्माचं काही वाटो न वाटो, तुम्ही लपवलंत हे वाटतं. उलट कच्च्या ओळखीतून आलेल्या माणसाने नाव आधीच ऐकलेलं असतं. 'रियाज म्हणून आहेत, काम चोख करतात.' तिथे नाव आणि काम एकाच वाक्यात गेलं. फॉरवर्ड होऊन आलेल्या मेसेजपेक्षा शेजाऱ्याच्या तोंडचं हे वाक्य जड भरतं, प्रत्येक वेळी नाही, पण पुष्कळ वेळा.

पोस्टखाली कुणी घाणेरडं लिहिलं तर धंद्याच्या खात्यावरून भांडू नका. स्क्रीनशॉट घ्या, कमेंट लपवा, धमकी असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. सभ्य भाषेत तक्रार करणाऱ्या ग्राहकाला मात्र नक्की उत्तर द्या, सगळ्यांसमोर, नाव घेऊन, आणि काम परत करून देणार असाल तर कधी ते लिहून. खात्री करायला आलेला माणूस चांगले अभिप्राय भरभर पुढे सरकवतो आणि एका तारेचा अभिप्राय उघडून तुमचं उत्तर वाचतो.

माझं एवढंच. प्रश्न घेऊया. आणि नावाबद्दलचा असेल तर तोही इथेच विचारा, पार्किंगमध्ये नको.